बारा अक्षरांचा गोपीनाथ

गोपीनाथ केण्याला डोंबिवलीत फारसं कुणी गोपीनाथ म्हणत नसे. ‘कुर्यात’ म्हणत.

“काय रं कुर्यात, गवत सुका हाय ना? मागल्या येलेला म्हशीनं तोंड लावला नाय.”

“कुर्यातशेठ, दोन भारे बाजूला ठेवा हो, गाडी पाठवतो.”

शाळेतून सुटलेली पोरं तर त्याच्या गवताच्या वखारीसमोर आली की एका सुरात “सदाऽऽ मंगलम्!” करून धूम ठोकायची. गोपीनाथ रागवायचा नाही. आत बसल्या बसल्या तो त्या पोरांपैकीच एखाद्याचा आवाज हुबेहूब काढून “सदाऽऽ मंगलम्!” परत सोडायचा. मग पोरं थबकायची आणि एकमेकांची डोकी मोजायची, की आपल्यातला आत राहिला तरी कोण!

हे नाव त्याला पडलं मंगलाष्टकांमुळे. त्या वर्षांत डोंबिवली-कल्याणकडच्या लग्नांतून नवी मंगलाष्टकं करून घेण्याची, ती गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटण्याची टूम निघाली होती. मंगलाष्टक नवं असलं तरी त्याची चाल जुनीच. एका कडव्यात चार ओळी, ओळीत एकोणीस अक्षरं, आणि चौथ्या ओळीचा शेवट ठरलेला: कुर्यात् सदा मंगलम्. पाय मोडलेले त् आणि म् सोडले तर ही सात अक्षरं आयती मिळतात. म्हणजे चौथी ओळ करणाऱ्याला स्वतःची अशी उरतात बारा. ती बारा गोपीनाथची.

पहिल्या तीन ओळी तिघांच्या होत्या.

पहिली बाळ खांबेट्यांची. खांबेटे फोर्टातल्या एका विमा कचेरीत कारकून होते. उंच, शिडशिडीत, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याला इस्त्री केलेली. “मी काय म्हणतो, प्रथम आपण जरासं व्योम विस्तीर्ण करून घेऊ या का?” व्योम म्हणजे आकाश. लग्न वाण्याचं असो नाहीतर वकिलाचं, खांबेट्यांची ओळ निघायची ती आकाशातूनच.

दुसरी त्यांच्या आतेबहिणीची. प्रमोदिनीबाई कल्याणला मुलींच्या शाळेत शिकवायच्या. त्यांच्या ओळीत कुळ, शील, विनय हे सगळं पदर खोचून हजर. दुसऱ्याच्या ओळीत नको तिथं दीर्घ पडलं की त्यांचं बोट वर जायचं. “ऱ्हस्व. ऱ्हस्व हवं तिथं.”

आणि तिसरी धोंडीबा शेलाराची. हा मूळचा साताऱ्याकडचा, ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये कामाला. तिथल्या यंत्रांच्या वर आवाज काढून काढून घसा असा झालेला, की यानं नुसतं पाणी मागितलं तरी भांडण लागल्यासारखं वाटायचं. “आरं, ह्या दोघांनी लई गुळमाट करून ठिवलंया. सरका आता.” आणि तिसऱ्या ओळीत वीज कडाडायची, नगारे वाजायचे, एकदा तर तोफही सुटली होती.

ही मंडळी आधी खांबेट्यांच्या घरी जमत. पण धोंडीबाच्या बिडीला आणि आवाजाला कंटाळून खांबेटेवहिनींनी एका रविवारी तिघांनाही दार दाखवलं. खांबेटे गाईसाठी गोपीनाथकडून गवत नेत. बसायला जागा मऊ आणि भाडं नाही, म्हणून बैठक वखारीत आली. वखारीत बिडी पेटवायची सोयच नाही. धोंडीबा आपली ओळ जुळवायला बाहेर रस्त्यावर जायचा, तिथं झुरके घेत फेऱ्या मारायचा आणि ओळ झाली की ती तिथूनच ओरडून सांगायचा. अर्ध्या डोंबिवलीला नवऱ्या मुलीचं नाव छपाईच्या आधी कळायचं ते असं.

कडवं पाटीवर व्हायचं. पाटी प्रमोदिनीबाई शाळेतून आणत. नियम दोनच होते: मागच्याची ओळ पुसायची नाही, पुढच्याला ओळ सुचवायची नाही. प्रत्येकानं समोर येईल ते उचलायचं आणि पुढं न्यायचं.

घोडं अडायचं चौथ्या ओळीवर. ती कुणालाच नको असायची. “बारा अक्षरांत माणूस करणार काय?” खांबेटे म्हणायचे. “आकाशाची नुसती कड दिसायला लागते, तोवर कुर्यात येऊन उभं!”

एका रविवारी असंच झालं. खांबेट्यांनी आकाश पसरलं, प्रमोदिनीबाईंनी त्याखाली वधूवर उभे केले, आणि धोंडीबानं रस्त्यावरून मेघगर्जनेची ओळ फेकली. बिचारे वधूवर वादळात उघड्यावर. पुढं कुणाला काही सुचेना. गोपीनाथ कोपऱ्यात पाठमोरा बसून भारा आवळत होता. गाठ मारता मारता, न वळता तो म्हणाला,

“पेंढ्याच्या उबदार या घरकुली.”

प्रमोदिनीबाईंची बोटं मोजायला लागली, ओठ हलायला लागले. “बारा,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा मोजून, “बाराच. आणि ऱ्हस्वदीर्घही जिथल्या तिथं.”

“अहो केणे, हे आपण शिकलात कुठं?” खांबेटे उठून उभेच राहिले.

“शिकलो कुठं? तुमचा ऐकून ऐकून कान भरलं माझं.”

खोटं नव्हतं ते. गोपीनाथचा कानच तसला. रेल्वेचा पॉइंटमन कसा खाकरतो इथपासून मामलेदार ‘बरं का’ किती ताणतो इथपर्यंत सगळं त्याच्या गळ्यात जमा. वृत्त त्यानं चिमण्यांच्या चिवचिवीसारखं ऐकलं होतं आणि तसंच गळ्यात ठेवलं होतं. लघुगुरू हे शब्द त्याला नंतर कळले.

त्या लग्नात नवऱ्या मुलाचे वडील गुलाबी कागद फडकावत भांडायला आले, ही गोष्ट वेगळी. “पेंढ्याचं घर? कुणी सांगितलं तुम्हाला? आमचं मंगलोरी कौलांचं आहे!” पण त्या दिवसापासून चौथी ओळ गोपीनाथची झाली. वर्षादोन वर्षांत त्याची एक ओळ तर इतकी पसरली, की विहिरीवर पाणी शेंदताना बायका ती म्हणायच्या:

खाडीला भरती, तसे सुख घरा – कुर्यात् सदा मंगलम्.

खाडी त्याच्या घरचीच. बाप मिठागरात राबलेला. आईबाप दोघंही लवकर गेले तेव्हा धाकटी बहीण तुळसा एवढीशी होती. मिठागराच्या अरुंद बांधावरून ती गोपीनाथच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून मागोमाग चालायची. मागं पाहिलं नाही तरी ती आहे हे त्याला सदऱ्याच्या ओढीवरून कळायचं. पुढं त्यानं वखार टाकली, भातशेती सांभाळली, तुळसाला वाढवलं. आणि आता तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा कल्याणच्या पलीकडचा, मोहन्याचा परशुराम भोईर. घर आपल्यातलंच, रेयॉनच्या कारखान्यात नोकरी. नाव ठेवायला जागा नव्हती.

जागा काढली ती मुलाच्या चुलत्यानं, भिवाकाकानं. साखरपुड्याला पानसुपारी झाल्यावर त्यानं मिशीवरून हात फिरवून विचारलं, “तो मंगलाष्टकावाला कवी तुमीच ना?”

“मी एकला नाय, चौघं हाव आमी,” गोपीनाथ म्हणाला.

“ठावं हाय. तिघं बैल गारी वरतात आनि तुमी मांगशी शेपूट धरून चालताव!”

गाडी ओढणारे तिघं आणि हा नुसता शेपटीला! ओटी हसून हसून लोळली. गोपीनाथही हसला. हसलाच नाही, तर भिवाकाकाचा आवाज काढून, मिशीवरून हात फिरवून ते वाक्य परत म्हणून दाखवलं, तेव्हा तर खुद्द भिवाकाकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. माजघराच्या दारात तुळसा उभी होती. ती तेवढी हसली नाही.

पाहुणे गेल्यावर ती भांडी आदळायला लागली.

“दादा, तू हसलास कनाला?”

“मंग रडू?”

“तुजा जातंय काय! मना त्या घरान जल्म काराचा हाय. उद्या पानी आनाया निंगाले तरी तो बोलंल, ही बघा शेपटीवाल्याची भयीन.” भांडं खाली ठेवून ती त्याच्यासमोर येऊन बसली. “मना दागिना नको. माज्या लग्नान एक कडवा तुजा पायजे. तुजा एकल्याचा. चारी ओली.”

“बरा,” गोपीनाथ म्हणाला. येताना मीठ आण म्हटल्यावर म्हणावं, तसं.

पुढच्या रविवारी त्यानं वखारीत हे सांगितलं. बोलताना जीभ अडखळली आणि घरचं बोलणं बाहेर आलं. “तुलसाच्या लग्नान मी एक कडवा करीन म्हन्तो. मी एकला. चारी ओली.”

“ओल्या कशाला? कोरड्या चालतील की!” खांबेटे म्हणाले. पण विनोद करून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे आपण आता स्वतंत्र झालात, म्हणायचं.”

“बाळदादा!” प्रमोदिनीबाईंचं बोट वर गेलं.

“जाऊ द्या की,” धोंडीबा गरजला, म्हणजे त्याच्या मतानं हळू बोलला. “भनीचं लगीन हाय त्येच्या. आपुन आपलं येक कडवं करू, त्यो त्येचं करंल.”

गोपीनाथ भर दुपारी गंजीवर पाटी घेऊन बसला. पहिली ओळ लगेच आली. आकाश, तारका, सगळं झगमगीत. मोठ्यानं म्हणून पाहिली, तर वखारीत खांबेटे बोलल्यासारखं वाटलं. पुसली. दुसरी आली ती बोट वर करूनच आली. पुसली. तिसरीला नगारा वाजायला लागला, तेव्हा त्याचं त्यालाच हसू आलं. तिघांच्याही ओळी त्याला तिघांहून बऱ्या करता येत होत्या, पण त्या कुणाच्या आहेत हे मांडवातल्या आंधळ्यालाही कळलं असतं.

मग डोळे मिटून तो नुसता बसला. सदऱ्याचं टोक ओढल्यासारखं झालं, आणि आलं:

बांधाच्या वरुनी धरून मज तू –

हे कुणाचंच नव्हतं. हे त्याचं होतं. त्यानं पाटीवर लिहिलं आणि पुढं पेन्सिल टेकवली, तर पुढं काही नाही. बारावं अक्षर आलं की त्याच्या कानात आपोआप कुर्यात् सदा मंगलम् वाजायचं. इतक्या वर्षांत बारा अक्षरांपुढं तो कधी गेलाच नव्हता. पुढची सात नेहमी आयती येऊन उभी असायची. तेराव्या अक्षराची वाट त्याला ठाऊकच नव्हती. ती ओळ बाजूला ठेवून त्यानं दुसरी धरली. तीही बाराला थांबली. तिसरीचीही तीच गत. चौथी तेवढी झाली, ती सवयीचीच. मांडव घालायची वेळ आली तरी पाटीवर वरच्या तीन ओळी अर्धवटच. त्या पुऱ्या करायला खांबेट्यांना एक चहा पुरला असता. पण तुळसानं ‘तुजा एकल्याचा’ म्हटलं होतं.

हळदीला त्याची बायजाआत्या आली. आत्या धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे धवले गायचा मान तिचा, आणि गोदा नावाची तिची जोडीदारीण कायम शेजारी. गोपीनाथनं तिला बाजूला गाठलं.

“आत्या, तू अख्खा धवला एकली कशी गातंस गो?”

“एकली?” आत्यानं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू याला उन्हाचा त्रास झाला असावा. “एकली कोन गातं रं? मी टाकतंय, गोदा झेलतं. नायतर दम कवा घ्याचा?”

“मंग धवला तुजा का गोदाचा?”

“नवरीचा. आमचा कनाला असंल? जा, हलद उगाल जरा, लई घट केलीय पोरींनी.”

तो हळद पातळ करायला गेला. उत्तर मिळालं असं काही त्याला वाटलं नाही.

लग्न वैशाखातलं, सकाळच्या मुहूर्ताचं. सकाळीच तुळसानं विचारलं, “जाला कडवा?” आणि गोपीनाथच्या तोंडून “जाला” निघून गेलं.

अंतरपाट धरला. मुंडावळ्या बांधलेली तुळसा अलीकडं, परशुराम पलीकडं. भटजींनी पोथीतली मंगलाष्टकं म्हटली, मग तिघांचं कडवं झालं. त्याची चौथी ओळसुद्धा त्या दिवशी खांबेट्यांनी म्हटली, ती कशीबशी बसवलेली. प्रमोदिनीबाईंचं बोट पदराखाली होतं म्हणून दिसलं नाही एवढंच. भटजींनी घड्याळ पाहिलं. “अवकाश आहे अजून. वधूबंधूंचं राहिलं ना? म्हणा, म्हणा.”

पुढच्या रांगेत भिवाकाका शेजाऱ्याच्या कानात बोलला. त्याचं कानातलं बोलणंही मांडवभर जायचं. “आता शेपूट येतंय.”

गोपीनाथ पुढं झाला. अंतरपाटाच्या कडेशी तुळसाचा हात दिसत होता; अक्षता घट्ट धरून मूठ पांढरी झालेली. त्यानं डोळे मिटले आणि जे होतं ते म्हटलं.

“बांधाच्या वरुनी धरून मज तू –”

आणि थांबला. अक्षता घेतलेले हात वर तसेच. कुठंतरी एक पोर “संपलं?” म्हणालं आणि त्याच्या आईनं त्याला दाबलं. आता पुढं कुर्यात म्हणावं आणि बसावं, एवढंच गोपीनाथला सुचत होतं.

तेवढ्यात मागून, इस्त्री केलेल्या आवाजात, पण फार हळू:

“– आलीस या मांडवी.”

खांबेटे. मूठभर अक्षता धरून उभे, डोळे जमिनीकडं. ओळ अर्धी राहिलेली त्यांच्यानं बघवली नव्हती. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या ओळीत आकाशाचा टिपूसही नव्हता.

गोपीनाथला एकदम दम आला. त्यानं दुसरी टाकली.

“गेलो मी विसरून शब्द सगळे –”

“– डोळेच हे बोलती,” प्रमोदिनीबाई बायकांच्या घोळक्यातून म्हणाल्या. आता मांडवाला हे असंच बसवलेलं आहे असं वाटायला लागलं. बायजाआत्यानं गोदाला कोपरानं ढोसलं. गोपीनाथनं तिसरी टाकली, जरा दमानंच. कारण ही झेलणारा कोण, ते त्याला ठाऊक होतं.

“जाशी तू बहिणी जरा पलिकडे –”

“– गर्जो नगारा नभी!”

धोंडीबाचा तो आवाज आल्यावर बाहेर बसलेले वाजंत्रीवाले भटजींनी ‘सावधान’ म्हटलं असं समजून सनईत फुंकर मारून मोकळे झाले. भटजींनी दोन्ही हात हलवून त्यांना थांबवलं. भिवाकाकाच्या ओंजळीतल्या अक्षता धोतरावर सांडल्या. हसू पिकलं. ते सरायच्या आत गोपीनाथनं चौथी म्हटली. ही त्याची हक्काची जागा. पण इतक्या सावकाश त्यानं ती कधी म्हटली नव्हती.

“राहो दार खुले तुला इकडचे –”

आणि पुढची सात कुणी एकानं म्हटली नाहीत. साऱ्या मांडवानं म्हटली. भिवाकाकानंसुद्धा, सगळे म्हणत असताना माणूस गप्प राहणार कसा? अंतरपाटाच्या कडेला तुळसाची मूठ उघडली होती.

पाठवणीच्या वेळी ती गोपीनाथजवळ आली. तो आधीच बोलला, “कडवा माजा एकल्याचा नवता.”

“ठावं हाय.”

“मना सात सात अक्षरा नाय जमली गो.”

“अंतरपाटाचे मांगं मी मोजीत होते,” तुळसा म्हणाली. रडून नाक लाल झालेलं, पण डोळ्यांत चेष्टा होती. “चारी ओलीन तुजी बारा बारा. अठ्ठेचालीस जाली. दुसऱ्या कुनाच्या लग्नान तू येवरी दिल्लीस कं रं कदी?”

गोपीनाथनं मान हलवली. दिली नव्हती.

गाडीत बसताना भिवाकाका मागं वळला. मिशीवरून हात फिरवला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं तो नव्या सुनेला म्हणाला, “सूनबाय, तुजे भावानं आज गारी एकल्यानं वरली! ते तिघं शेपूट धरून मांगं चाललं!”

“हां काका,” तुळसा म्हणाली, “आता घरी जाऊन पन ह्याच सांगा.”

पुढच्या रविवारी वखारीत चौघं जमले. कल्याणच्या एका सोनाराकडचं लग्न होतं. खांबेटे जरा घुटमळले, घसा साफ केला. “मी काय म्हणतो, आज चौथी ओळ मी करून पाहू का? मांडवातली आपली ओळ ऐकल्यापासून मनात आहे.”

“करा की,” गोपीनाथ म्हणाला आणि पाटी त्यांच्याकडं सरकवली.

खांबेटे गंजीवर बसले. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं. धोंडीबाच्या बाहेर बऱ्याच बिड्या झाल्या. शेवटी खांबेट्यांनी पाटी वर धरली. प्रमोदिनीबाईंची बोटं हलली.

“तेरा झाली, बाळदादा.”

“असं कसं? व्योम एवढंसं घेतलंय मी!”

बाहेरून पोरं आली. “सदाऽऽ मंगलम्!” गोपीनाथनं भारा आवळता आवळता, अस्सल इस्त्रीच्या आवाजात, आतून उत्तर दिलं, “मी काय म्हणतो, बाळांनो, अजून अवकाश आहे!”

पोरं थबकली. खांबेटेही थबकले, आणि आपण बोललो की काय, म्हणून स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला.